डागांची दिशा

आमच्या हुबळीच्या लॅमिंग्टन रोडवर पाऊस उघडल्यानंतरच्या दिवसांत, सायंकाळी पाच-साडेपाचच्या सुमारास, एक विशेष प्रकारचा उजेड पडतो. भोवतालच्या काळ्या रानाची बारीक धूळ हवेत तरंगत असते आणि तिच्यातून गाळून आलेले ऊन दुकानांच्या पाट्यांवर, उभ्या रिक्षांच्या टपांवर आणि घाईने चालणाऱ्या माणसांच्या खांद्यांवर इतके मऊ होऊन बसते की एरवी कुरूप दिसणारी वस्तूदेखील क्षणभर आपली आब राखून उभी राहते. हा उजेड वीस-पंचवीस मिनिटे टिकतो. माझा व्यवसाय संगणकावर चित्रे रचण्याचा असल्यामुळे एवढ्या वेळापुरते मी काम थांबवून खिडकीशी उभा राहतो; त्याला कोणी आळस म्हटले तरी माझी हरकत नाही.

ज्या लॉर्ड लॅमिंग्टनचे नाव ह्या रस्त्याला मिळाले, तो १९०३ ते १९०७ ह्या काळात मुंबई इलाख्याचा गव्हर्नर होता. हुबळी त्या वेळी त्याच इलाख्यात होती. १९५६ सालच्या राज्यपुनर्रचनेत ती म्हैसूर राज्यात गेली. रस्त्याचे नाव मात्र येथेच राहिले, आणि आमच्यासारखी मराठी-कोकणी बोलणारी घरेही राहिली. मुंबईतही ह्याच गृहस्थाच्या नावाचा एक रस्ता आहे. त्याला आता डॉ. भडकमकर मार्ग म्हणतात. परंतु संगणकाचे सुटे भाग घ्यायला निघालेला माणूस आजही ‘लॅमिंग्टन रोडला जातो’ असेच म्हणतो. माझ्या यंत्रातील ग्राफिक्स कार्ड त्या लॅमिंग्टन रोडवरून ह्या लॅमिंग्टन रोडवर आले. गव्हर्नरसाहेबांशी माझा ऋणानुबंध आहे तो एवढाच.

उजेडाकडे पाहण्याची सवय मला वडिलांनी लावली. ह्याच रस्त्याला लागून असलेल्या एका बोळात फोटो-स्टुडिओ होता आणि वडील तेथे रीटचिंगचे काम करीत. उतरत्या मेजावर काचेखाली निगेटिव्ह ठेवायची, मागून आरशाने उजेड फेकायचा, आणि सुईसारखे टोक काढलेल्या पेन्सिलीने देवीचे व्रण, डोळ्यांखालची काळिमा, कपाळावरची आठी एकेका ठिपक्याने भरून काढायची, असे ते काम. निगेटिव्हवर सारे उलटे असते. जे काळे करावे ते छापल्यावर उजळते. भिंतीवर हळदणकरांच्या त्या सुप्रसिद्ध जलरंगचित्राची छापील प्रत होती. सावंतवाडीचा हा चित्रकार. त्याचे हे मूळ चित्र मैसूरच्या जगन्मोहन राजवाड्यात आहे. हातात दिवा घेतलेली स्त्री, दुसऱ्या हाताचा आडोसा, आणि बोटांच्या फटींतून व मांसातून झिरपणारा तांबूस प्रकाश. वडील म्हणत, “चित्रात काय आहे ते नंतर बघ. दिवा कुठं आहे ते आधी शोध.”

आज ज्याला रेंडरिंग म्हणतात, त्या साऱ्या शास्त्राचे बीज ह्या एका वाक्यात आहे असे मला वाटते.

तर ह्या व्यवसायात असताना माझ्याकडे एक काम आले. काम म्हणण्यापेक्षा मागणे म्हणावे. आमच्या ओळखीचे एक वृद्ध गृहस्थ आहेत. आम्ही सारे त्यांना ‘माम’ म्हणतो. मूळचे कारवारकडचे. तरुणपणी नौदलाच्या विमानशाखेत तंत्रज्ञ होते आणि ‘विक्रांत’ ह्या विमानवाहू जहाजावर सी-हॉक जातीच्या जेट विमानांची देखभाल करीत. १९७१ च्या डिसेंबरात ह्याच विमानांनी ‘विक्रांत’वरून उडून कॉक्स बाझार आणि चितगाव ह्या बंदरांवर हल्ले केले, तेव्हा माम पंचविशीचे होते. आता ऐंशीच्या घरात आहेत. डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग झिजत चालला आहे. समोरच्या माणसाचा चेहराच नेमका दिसत नाही, कडेचे दिसते. म्हणून ते बोलताना मान किंचित वळवून, आपल्याकडे न पाहता आपल्याला पाहतात.

“मला एकदा ते विमान बघायचंय,” ते म्हणाले, “अजून दिसतंय तोवर.”

विमान पाहायचे तर गोव्याला बोगमाळोच्या वाटेवर नौदलाचे विमानसंग्रहालय आहे. तेथे उघड्यावर सी-हॉक उभे आहे. मी तसे सुचवले. माम म्हणाले, “ते मी पाहिलंय. ते देवळाबाहेरच्या हत्तीसारखं आहे. मला डेकवरचं हवं.” पण ते डेक आता कोठले? जुनी ‘विक्रांत’ १९९७ साली सेवेतून निवृत्त झाली, काही वर्षे मुंबईत संग्रहालय म्हणून तिने काढली आणि २०१४ साली दारूखान्यात ती तोडायला घेतली. त्याच नावाचे नवे जहाज २०२२ पासून नौदलात आहे. पण त्यावर सी-हॉकला काय काम? थोडक्यात, जहाज राहिले नाही, विमान राहिले ते दगडासारखे, आणि पाहणाऱ्याचे डोळे निघण्याच्या तयारीत. उरला तो संगणक.

“उडताना दाखवू का?” मी विचारले.

“उडताना नको. उडताना आम्ही त्याची पाठच पाहिली. पहाटे पंख मिटलेलं असतं, मग पंख उघडतात, तेवढं दाखव.”

सी-हॉकचे पंख जहाजावरील जागेच्या टंचाईपायी वर दुमडता येत. ते उलगडतानाचे आठ सेकंद, एवढेच मागणे होते.

मी रेल्वेने गोव्याला गेलो. कॅसलरॉक सुटले की गाडी घाट उतरू लागते, दूधसागराचा गारवा खिडकीतून येतो आणि प्रत्येक बोगद्यानंतर उजेडाचा रंग बदलतो. देशावरचा कोरडा पिवळा उजेड मागे पडून कोकणचा दमट, दुधाळ उजेड पुढे येतो. हा फरक मी तोवर कितीदा तरी अनुभवला होता. परंतु त्या दिवशी मी तो जणू मोजून घेत होतो.

संग्रहालयातील सी-हॉक पाहताच पहिली गोष्ट मनात भरते ती त्याची निर्मळ रेषा. हॉकर कंपनीच्या ह्या विमानाचा पूर्वज १९४७ साली प्रथम उडाला; पुढच्या काळातल्या जेट विमानांसारखे त्याचे पंख मागे झुकलेले नाहीत, सरळ आहेत. दोन टोकांमधील अंतर 39 फूट. हवा आत घेणारी तोंडे पंखांच्या मुळाशी, आणि जळालेला वायू बाहेर टाकणारी तोंडेही पंखांच्या मुळाशीच, मागच्या कडेला, दोन बाजूंना दोन. त्यामुळे शेपटी मोकळी आणि पाठ सडपातळ. मी चहूबाजूंनी छायाचित्रे घेतली. पंखांचे अंतर ठाऊक असल्यावर बाकीची मापे त्रैराशिकाने निघतात. मग जवळच्या समुद्रकिनाऱ्यावर जाऊन पिशवीतून एक पोलादी गोळा काढला. जिन्याच्या स्टीलच्या कठड्यावर बसवतात तो, हुबळीच्याच फॅब्रिकेशनवाल्याकडून घेतलेला. पहाटे वाळूत तो ठेवून त्याची फिकट-गडद अशी अनेक छायाचित्रे काढली. चकचकीत गोळ्यात आकाश, समुद्र, सूर्य, झाडे असे सारे भोवताल सामावते. ती छायाचित्रे एकत्र केली की त्या जागेचा त्या वेळेचा उजेड जणू डबीत भरून घरी आणता येतो. पॉल डेबेवेक ह्या संशोधकाने १९९८ साली ही युक्ती प्रसिद्ध केली. किनाऱ्यावर फिरायला आलेल्या एका गोंयकार आजोबांनी माझा उद्योग बराच वेळ पाहिला आणि मी कोणता तरी ग्रहदोष घालवीत असावा अशा समजुतीने ते दुरूनच निघून गेले.

हुबळीला परतल्यावर मॉडेलचे काम सुरू झाले. संगणकातले विमान म्हणजे पोकळ जाळे. चौकोनाला चौकोन जोडून ते विणायचे, आणि मग एडविन कॅटमुल व जिम क्लार्क ह्यांनी १९७८ साली काढलेल्या रीतीने यंत्राकडून ते वाटोळे, गुळगुळीत करून घ्यायचे. टोपली विणणाऱ्याला हे समजावून सांगावे लागणार नाही. जेथे पंख, धड आणि हवेचे तोंड ही तिन्ही एकत्र येतात तेथे मात्र खरी परीक्षा असते. शिंपी जसा बगलेच्या जोडाशी अडतो तसा मॉडेल करणारा तेथे अडतो. एक चौकोन वाकडा गेला की गुळगुळीत पत्र्यावर सुरकुती दिसते. ह्या एका जोडावर माझे नऊ दिवस गेले. धडाचा उरलेला सारा भाग चार दिवसांत झाला होता.

आणखी एक गोष्ट ह्या कामात शिकायला मिळते. जगात कोणतीही कडा पूर्ण धारदार नसते. मेजाची कडा घ्या, दाराची घ्या, विमानाच्या झाकणाची घ्या. बारकाईने पाहिले तर ती केसभर का होईना वळलेली असते आणि त्या वळणावर उजेडाचा एक धागा चमकतो. संगणकाची कडा मात्र भूमितीतल्या रेषेसारखी, जाडीवाचून असते. ती तशीच ठेवली तर पाहणाऱ्याला काय खटकते ते सांगता येत नाही, पण खटकते खरे. म्हणून एकेका कडेला हाताने गोलाई द्यावी लागते.

मी वापरतो त्या ‘ब्लेंडर’ नावाच्या प्रणालीची हकीकत येथे सांगण्यासारखी आहे. टॉन रोझेंडाल ह्या डच गृहस्थाने ती रचली. पुढे कंपनी बुडाली आणि प्रणाली सावकारांच्या ताब्यात अडकली. २००२ साली त्याने लोकवर्गणीची हाक दिली आणि सात आठवड्यांत एक लाख युरो जमवून ती सोडवली. तेव्हापासून ती सर्वांना मोफत आहे. गावच्या देवळाचा कळस वर्गणीने उभा राहतो हे आपण पाहिलेले असते. परंतु वर्गणीने सुटलेली एक विद्या परमुलखातून येऊन लॅमिंग्टन रोडवरच्या दहा-बाय-बाराच्या खोलीत भाकर मिळवून देते, ह्याचे मला अजूनही अप्रूप वाटते.

आता उजेडाचे. आपल्या नैयायिकांचे मत असे होते की डोळ्यातून तेजाचे किरण निघतात, वस्तूपर्यंत पोहोचतात आणि मगच ती वस्तू दिसते. विज्ञानाने हे मत केव्हाच बाजूला सारले: किरण वस्तूकडून डोळ्याकडे येतात, डोळ्याकडून जात नाहीत. गंमत अशी की संगणकाने ते पुन्हा कामाला लावले. सूर्याकडून निघालेल्या असंख्य किरणांपैकी कॅमेऱ्याच्या भिंगात शिरणारे किती थोडे! बाकीच्यांचा हिशेब करीत बसणे म्हणजे निव्वळ उधळेपणा. म्हणून यंत्र उलटे चालते: कॅमेऱ्यापासून एक किरण सोडते, तो विमानावर आपटतो, तेथून डेकवर, डेकवरून आकाशाकडे, आणि वाटेत दिवा भेटला की त्या ठिपक्याचा हिशेब पुरा होतो. १९६८ च्या सुमारास ह्या रीतीला आरंभ झाला, १९८० साली टर्नर व्हिटेडने आरशासारखी आणि पारदर्शक पृष्ठे तिच्यात आणली, आणि १९८६ साली जेम्स कजिया ह्याने एकाच समीकरणात उजेडाचा सारा व्यवहार मांडला. त्या समीकरणाचा मराठीत भावार्थ असा की, कोणत्याही जागेचा उजेड म्हणजे तिचा स्वतःचा उजेड अधिक शेजाऱ्यांकडून उसना आलेला.

हे शेजाऱ्यांचे उसने फार महत्त्वाचे. संग्रहालयातल्या सी-हॉकच्या पोटाकडे पाहिले तेव्हा करड्या रंगात एक तांबूस छटा दिसली होती. ती रंगाची नव्हती. गोव्याच्या जांभ्या मातीने उन्हात वर फेकलेली लाली होती. डेकवरच्या विमानाला ही लाली कोठून असणार? तेथे खाली काळपट डेक आणि पलीकडे समुद्र. तेव्हा ती लाली काढून पोटाला पहाटेच्या पाण्याचा थंड, निळसर उजेड दिला. आणि गंमत म्हणजे विमानाच्या आकारात काडीचाही बदल न करता ते जमिनीवरून उचलून समुद्रावर नेल्यासारखे झाले.

पृष्ठभागांचे गुणधर्म समजण्यासाठी मात्र कोणत्याही शास्त्रज्ञाकडे जायची गरज नाही; स्वयंपाकघरात जावे. पितळेच्या तांब्यावर खिडकीचे प्रतिबिंब पिवळे दिसते, कारण धातू प्रतिबिंबालाही आपला रंग देतो. प्लास्टिकच्या लाल बादलीवर तीच खिडकी पांढरीच दिसते. विमानाचा रंगवलेला भाग बादलीच्या जातीचा आणि रंग उडून उघडा पडलेला पत्रा तांब्याच्या जातीचा. रोज एकाच दिशेने घासलेल्या स्टीलच्या ताटावर दिव्याचा गोल ठिपका पडत नाही, ओरखड्यांना आडवी अशी एक लांब पट्टी पडते; पुसून पुसून झिजलेल्या विमानाच्या पत्र्यावरही तेच. आणि उणकलच्या तलावाकाठी उभे राहून पायाजवळ पाहिले तर पाण्याचा तळ दिसतो, दूर पाहिले तर आकाश. नजर जितकी तिरपी तितके पृष्ठ आरशासारखे, हा फ्रेनेलचा नियम तेथे फुकट शिकायला मिळतो. व्हिएतनाममध्ये जन्मलेल्या ब्यूई-तुआँग फाँग ह्या तरुणाने अमेरिकेतील यूटा विद्यापीठात १९७३ साली चकाकीचे एक साधे गणित मांडले आणि १९७५ साली, ऐन तारुण्यात, तो वारला. त्याच्या गणिताने पुढची कित्येक वर्षे पडद्यावरच्या वस्तू चमकत राहिल्या. पण त्या साऱ्या थोड्याफार प्लास्टिकच्या वाटत, हेही खरे.

पत्राही सपाट नसतो. रिव्हेटच्या दोन ओळींमधला पत्रा किंचित फुगतो किंवा दबतो. डोळ्याला तो सपाट दिसतो, परंतु त्याच्यातले क्षितिजाचे प्रतिबिंब थरथरते, आणि ह्या थरथरीवाचून विमान साबणाच्या वडीसारखे दिसू लागते.

एवढे झाल्यावर मी माम ह्यांना बोलावले. विमान अजून कोरे होते; ते मी मुद्दामच तसे ठेवले होते. माम मोठ्या पडद्यासमोर बसले, मान डावीकडे वळवली आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. मग कोकणीत म्हणाले, “हें विमान केन्नाच उडूंक ना.”

हे विमान कधी उडालेलेच नाही. मला हेच त्यांच्या तोंडून ऐकायचे होते. कारण ते उडालेले कसे दिसावे हे ठाऊक असणारा माणूस आमच्या गावात दुसरा नव्हता. पुढचे तीन आठवडे ते दर दुपारी येत आणि मला डाग सांगत. ह्या काळात मी जे शिकलो ते कोणत्याही पुस्तकात मला मिळाले नव्हते. रोज उघडावी लागतात त्या झाकणांच्या कडांचा रंग आधी जातो आणि त्यांच्याभोवती तेलकट हातांची एक सावली साचते. जी झाकणे वर्षातून एकदा उघडतात ती शेवटपर्यंत नवी राहतात. सगळ्या झाकणांवर सारखीच झीज काढणारा चित्रकार विमानाजवळ कधी गेलेला नाही असे खुशाल समजावे. समुद्राचे मीठ ही तर रोजची लढाई. ते गोड्या पाण्याने धुवायचे, पण खाचेत राहायचेच आणि वाळून पांढरी रेघ उमटायची. वायू बाहेर पडतो तेथे पत्रा नुसता काळा होत नाही, तापून तपकिरी-जांभळट होतो.

एक दिवस मी पोटाखाली तेलाचा ओघळ काढीत होतो. माम म्हणाले, “कुठं चाललाय तो?”

“खाली.”

“विमान उभं असताना गळलं तर खाली. उडताना गळलं तर शेपटीकडं. आणि उडून आल्यावर पुन्हा थोडं खाली. दोन्ही काढ. नाहीतर लोकांना वाटेल आम्ही ते नुसतंच उभं करून ठेवलं होतं.”

मी मान वर करून त्यांच्याकडे पाहिले. ते नेहमीप्रमाणे भलतीकडेच पाहत होते.

माझे सी-हॉक अशा रीतीने अंगावर डाग घेऊन तयार होत असताना दुसरे एक प्रकरण उपस्थित झाले. एका प्रदर्शनाच्या संयोजकांना माझ्या कामाचा सुगावा लागला. विषय होता गोवामुक्ती. त्यांना १९६१ च्या डिसेंबरातले एक ‘छायाचित्र’ हवे होते: दाभोळीच्या धावपट्टीवर बाँब टाकणारी सी-हॉक विमाने, काळ्या-पांढऱ्यात, जुन्या फिल्मचा रवाळपणा, एखाद-दुसरा ओरखडा, कोपऱ्याला किंचित वाळवी लागल्यासारखे. देऊ केलेली रक्कम ह्या खोलीच्या चार महिन्यांच्या भाड्याएवढी होती.

मी त्यांना सांगितले की १८ डिसेंबर १९६१ रोजी दाभोळीच्या धावपट्टीवर बाँब टाकले ते हवाई दलाच्या कॅनबेरा विमानांनी. बांबोळीच्या बिनतारी केंद्रावर गेली ती हंटर विमाने. एअर व्हाइस मार्शल एर्लिक पिंटो ह्यांच्या हाताखाली पुणे आणि बेळगावजवळचे सांबरा येथून ही कारवाई झाली. आमच्या आजोळी, बेळगावात, त्या सकाळी घरावरून गेलेल्या जेटच्या आवाजाने उतरंडीवरची मडकी कशी वाजली ही गोष्ट आजी आम्हांला सांगत असे. ‘विक्रांत’ त्या वेळी गोव्याच्या समुद्रात पहाऱ्यावर होती हे खरे. पण तिच्या सी-हॉक विमानांनी दाभोळीवर हल्ला केला नाही.

“जवळच होती ना?” संयोजक म्हणाले. “मग झालं. सी-हॉक गोव्यात लोकांना ठाऊक आहे, संग्रहालयात बघतात. कॅनबेरा कोण ओळखतो? शिवाय तुमचं मॉडेल तयारच आहे.”

हा युक्तिवाद हसण्यावारी नेण्यासारखा नाही. ऐतिहासिक चित्र काढणारा चित्रकार काय प्रसंगी हजर असतो? रविवर्म्याने काढलेल्या शकुंतलेसाठी कोणी कण्वमुनींचा दाखला मागत नाही. परंतु तेथे कुंचल्याचा फटकाराच सांगत असतो की हे एका माणसाने कल्पिले आहे. मला सांगितला होता तो ओरखडा. ओरखड्याचा अर्थ असा की ही फिल्म त्या दिवशी तेथे होती, कॅमेऱ्यात होती, नंतर कोणाच्या तरी पेटीत साठ वर्षे पडून होती. आणि माम ह्यांनी तीन आठवडे बसून मला शिकवलेला प्रत्येक डाग ह्या कामी खोट्या साक्षीदारासारखा उभा राहणार होता. विमान जितके खरे तितकी गोष्ट खोटी ठरणार होती. कारण शेपटीकडे वाहिलेला तो तेलाचा ओघळ पाहून जाणकारही म्हणाला असता, हे उडालेले विमान आहे.

वडिलांकडे एकदा असेच काम आले होते. स्टुडिओतले रीटचर अनेक खोटेपणा करीत आणि त्यात कोणाला गैर वाटत नसे. वारलेल्या नवऱ्याचा जुना फोटो बायकोच्या फोटोशेजारी जोडून ‘जोडफोटो’ करून देणे हे तर नित्याचेच होते. त्यात वडिलांचा कटाक्ष एवढाच की दोघांच्या चेहऱ्यावरचा उजेड एकाच बाजूचा असला पाहिजे. नसेल तर ते पेन्सिलीने एकाचा गाल अंधारवीत. एकदा एक सधन गृहस्थ एका बैठकीचा समूहफोटो घेऊन आले आणि मागच्या रांगेत त्यांच्या भावाला बसवून द्या म्हणाले. वडिलांनी विचारले, कशासाठी? तेव्हा जमिनीच्या दाव्याचा उल्लेख निघाला. वडिलांनी फोटो पाकिटात घालून परत दिला आणि म्हणाले, “ह्याच्यावर उजेड दोन्हीकडून आहे. जमणार नाही.” उजेड एकाच बाजूचा होता. मी तेव्हा शाळेत जात होतो, आणि वडिलांना उजेडाविषयी खोटे बोलताना मी तेवढे एकदाच ऐकले.

मला असे चतुर उत्तर सुचले नाही. मी संयोजकांना लिहून कळवले की कॅनबेराचे चित्र करून देतो, रंगीत, नवे दिसणारे, आणि खाली ‘संगणकावर रचलेले कल्पनाचित्र’ अशी ओळ राहील. त्याला महिना लागेल. त्यांचे उत्तर आले नाही. भाडे मी दुसऱ्या कामांतून भागवले. प्रदर्शनात पुढे काय लागले हे पाहायला मी गेलो नाही.

मग आठ सेकंदांचे रेंडर लावले. सेकंदाला 24 चित्रे, म्हणजे एकूण 192. एकेका चित्राला साधारण पंधरा मिनिटे. म्हणजे दोन दिवस आणि दोन रात्री. चित्र आधी रवाळ उमटते, कढवलेल्या तुपासारखे, आणि जसजसे किरणांचे हिशेब पुरे होत जातात तसतसे निवळते. वीज जाण्याची धास्ती असल्यामुळे प्रत्येक चित्र निराळे साठवायचे, म्हणजे जेथे थांबले तेथून पुढे चालू करता येते. ह्या खेपेला ती दोनदाच गेली. खोली इतकी तापली की दुसऱ्या रात्री मी गच्चीवर निजलो.

पंखांच्या हालचालीविषयी माम ह्यांची एक सूचना आधीच अमलात आणली होती. मी दोन्ही पंख एकाच क्षणी, एकाच गतीने उलगडले होते. संगणकाला तसेच आवडते. “दोन भाऊसुद्धा एकदम उठत नाहीत,” ते म्हणाले. त्यांच्या आठवणीत एक पंख निमिषभर आधी हलायचा, आणि शेवटी जागेवर बसताना एक लहानसा हिसका असायचा. तो हिसका मी तीन चित्रांपुरता घातला.

तिसऱ्या दिवशी सकाळी माम आले. मी खिडकी झाकली आणि आठ सेकंद लावले. काळपट समुद्र, क्षितिजावर फिकट रेघ, मिटल्या पंखांचे विमान, मग डावा पंख, पाठोपाठ उजवा, पोटावर पाण्याचा निळसर उजेड, शेवटचा हिसका. माम ह्यांनी मान वळवून ते पाहिले. पुन्हा लाव म्हणाले. अकरा वेळा लावले. बाराव्या वेळी त्यांनी हात वर केला, मी थांबवले, आणि ते पडद्यापाशी जाऊन पुढच्या चाकाजवळ बोट ठेवून म्हणाले, “इथं चोक नाही घातला.”

चाकांना अडसर म्हणून घालायचे लाकडी ठोकळे, त्यांना चोक म्हणतात. ते मी फक्त मागच्या चाकांना घातले होते, आणि तेही त्यांच्याच सांगण्यावरून. मी तसे म्हणालो.

“हो, मागेच. बरोबर आहे,” ते म्हणाले. “पण त्या दिवशी समुद्र मोठा होता. पुढेही घातला होता. मी घातला होता.”

मी ठोकळा रचला. त्याची झिजलेली कडा, त्याला बांधलेली दोरी, दोरीला तेलाचा हात. पुन्हा 192 चित्रे, पुन्हा दोन दिवस. ह्या खेपेला माम ह्यांनी ते एकदाच पाहिले, आणि पेन्सिलीने एका कागदावर मोठ्या, तिरप्या अक्षरांत मला काही लिहून दिले. ती ‘विक्रांत’वरच्या अलिझे विमानाच्या डागांची यादी होती. ते पंख्याचे विमान आहे, म्हणजे त्याचे ओघळ वेगळ्या वाऱ्याचे. त्यासाठी मला पुन्हा गोव्याला जावे लागेल, कारण अलिझेही तेथल्याच संग्रहालयात उभे आहे. पाऊस उघडला की जायचे ठरले आहे. माम ह्या वेळी बरोबर येणार म्हणतात.